भाचीला नुकताच टाइप १ मधुमेह निघालाय; ताईला खरा हातभार कसा लावू?

धाकटी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला टाइप १ मधुमेह असल्याचं १२ दिवसांपूर्वी कळलं. वय ६, वजन २२ किलो. आता ती घरी आली आहे. दिवसाला चार इंजेक्शनं आहेत: तीन जेवणांच्या आधी जलद इन्सुलिन आणि रात्री एक दीर्घकाळ चालणारं. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावलाय. ताईला आणि भाऊजींना दवाखान्यात सगळं शिकवलंय, पण ताईची झोप पार उडाली आहे. रात्री दीड-दोन तासांनी उठून आकडा बघते. "काही मदत करू का?" विचारलं की "नको गं, बघते मी" एवढंच म्हणते.

"सगळं ठीक होईल" म्हणून तिचं काही हलकं होणार नाही हे मला कळतंय. म्हणून नेमकं विचारते: मुलीला दोन-तीन तास माझ्याकडे सोपवता यावं इतकं मला शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करू? कुठली चूक झाली तर जिवावर बेतू शकतं? आणि ताईशी बोलताना काय टाळू?

---

निशाचर यांचा प्रतिसाद

आधी एक करा. "काही मदत करू का?" हा प्रश्न विचारणं थांबवा. त्याचं उत्तर द्यायलाही ताईला डोकं चालवावं लागतं आणि ते सध्या दिवसभर इन्सुलिनचे युनिट मोजण्यातच खर्च होतंय. त्यापेक्षा ठरलेलं काम मागून घ्या: "शनिवारी दुपारी ३ ते ६ मी तिच्याजवळ बसते. त्याआधी मला हायपो कसा हाताळायचा ते शिकव." नव्याने निदान झालेल्या मुलाच्या आईला सर्वांत जास्त गरज असते ती जिच्या भरवशावर डोळा लागेल अशा दुसऱ्या माणसाची. बाकीची मदत त्यानंतर.

शिकायला सुरुवात हायपोपासून करा, म्हणजे शुगर ७० च्या खाली जाण्यापासून. जास्त शुगरने तासा-दोन तासांत काही बिघडत नाही, विचारायला वेळ मिळतो. कमी शुगरला मिनिटांत हालचाल करावी लागते. मूल पांढरंफटक पडतं, घाम सुटतो, हात थरथरतात, एकाएकी चिडतं किंवा रडू लागतं, भूक भूक करतं. काही मुलं नुसती गप्प होतात, खेळता खेळता एका जागी बसून राहतात. सहा वर्षांच्या मुलाला "मला कसंतरी होतंय" हे नेहमी सांगता येत नाही, म्हणून शंका आली की बोट टोचून बघायचं. मीटर हाताशी नसेल तर तपासण्यासाठी थांबायचं नाही, आधी साखर द्यायची.

साखर किती द्यायची? "१५ ग्रॅम द्या, १५ मिनिटं थांबा" हा नियम तुम्हाला सगळीकडे दिसेल. त्यातली १५ मिनिटं बरोबर, पण १५ ग्रॅम हे मोठ्या माणसाचं माप आहे. लहान मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज असा हिशोब धरतात. २२ किलोला ते साधारण ७ ग्रॅम होतं. १५ ग्रॅम दिलं की शुगर गरजेपेक्षा बरीच वर जाते, मग कोणीतरी घाईने जास्तीचं इन्सुलिन देतं आणि पुन्हा लो होते. पहिल्या महिन्यात घराघरांत हाच झोका चालतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्लुकोज पावडर ७-७ ग्रॅम मोजून छोट्या पुड्या करून ठेवा. एक पलंगाशेजारी, एक दप्तरात, एक तुमच्या पर्समध्ये. लागेल तेव्हा पुडी पाव कप पाण्यात ढवळून पाजायची. पावडर नसेल तर साध्या साखरेचे सपाट दोन चमचे, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. साखर ग्लुकोजपेक्षा थोडी जास्त लागते. फळांचा रस ७० ते १०० मिली चालतो. चॉकलेट, आइस्क्रीम किंवा बिस्किट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि आपल्याकडे तेवढा वेळ नसतो.

मग १५ मिनिटं थांबून बोटाने पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच माप पुन्हा. इथे सेन्सरवर विसंबू नका. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या ५ ते १० मिनिटं मागे चालते. रक्तातली साखर चढायला लागलेली असते, तरी पडद्यावर अजून ५८ आणि खाली जाणारा बाण दिसतो. ते बघून घाबरलेला माणूस तिसरी पुडी फोडतो.

आता सर्वांत अवघड प्रसंग. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही, हिरड्यांना मध चोळणं नाही. श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि ग्लुकॅगॉन (शुगर झपाट्याने वर आणणारं आणीबाणीचं औषध) द्या. इंजेक्शनचं असेल तर २५ किलोच्या आतल्या मुलाला सहसा अर्धा मिग्रॅ, म्हणजे अर्धी मात्रा. नाकात मारायचं असेल तर ३ मिग्रॅची एकच फवारणी. डॉक्टरांच्या कागदावर जे लिहिलंय तेच अंतिम. लगेच रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकॅगॉननंतर साधारण १० ते १५ मिनिटांत मूल शुद्धीवर येतं आणि बऱ्याचदा उलटी होते, म्हणून कुशीवरच ठेवायचं. ताईंकडे ग्लुकॅगॉन आहे का, कुठल्या कप्प्यात आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे आजच विचारा. काही प्रकारांत कुपीतली पावडर आणि सिरिंजमधलं पाणी आपल्यालाच मिसळावं लागतं. थरथरत्या हातांनी ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. मुदत संपलेला संच मिळाला तर त्यावर दोनदा सराव करा.

---

सुईचं टोक यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला माझी एक पुस्ती. ७ ग्रॅम हे सुरुवातीचं माप आहे. जेवणाचं इन्सुलिन देऊन झालंय आणि मुलीने अर्धं ताट टाकलं, किंवा डोस देऊन तासाभर ती धावत राहिली, तर अंगात बरंच इन्सुलिन अजून काम करत असतं. अशा वेळी एका पुडीने शुगर वर येते आणि पुन्हा घसरते. म्हणून मुलीला ताब्यात घेताना ताईंना हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या: आत्ताचा आकडा आणि बाण, शेवटचं जलद इन्सुलिन किती युनिट आणि किती वाजता, त्यासाठी जे खायचं होतं ते सगळं खाल्लं का, पुढचं खाणं कधी. जलद इन्सुलिन १० ते १५ मिनिटांत सुरू होतं, एक ते दोन तासांत जोरावर असतं आणि तीन ते पाच तास रेंगाळतं. तुमच्या तीन तासांत काय होणार याचा अंदाज यातूनच लागतो.

आता इंजेक्शनबद्दल. पहिल्या भेटीतच तुम्ही ते देऊ नका, पण शिकून ठेवा.

पेनला प्रत्येक वेळी नवी सुई. लहान मुलांना ४ मिमीची पुरते, ती सरळ ९० अंशात टोचतात. मूल अगदी बारीक असेल तर कातडीची चिमट उचलून. सुई लावली की आधी २ युनिट हवेत सोडून टोकावर थेंब दिसतो का बघायचं. थेंब नाही आला तर पुन्हा. हे टाळलं तर सुईतली हवा आधी जाते आणि २ युनिटच्या डोसातलं निम्मं इन्सुलिन अंगात पोहोचतच नाही. मोठ्या माणसाच्या ३० युनिटमध्ये एवढी चूक खपून जाते, २२ किलोच्या मुलीत नाही. डोस दिल्यावर बटण दाबून ठेवून दहा अंक मोजा, मगच सुई काढा. कातडीवर मोठा थेंब राहिला म्हणजे घाई झाली. सुई काढून पेन ठेवायचं. सुई लावून ठेवलेल्या पेनात हवा शिरते आणि इन्सुलिन गळतं.

जागा रोज बदलायची: पोट, मांडी, नितंब, दंड. मुलं एकाच जागेचा हट्ट धरतात, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बऱ्याचदा तिथे चरबीची गाठ होऊ लागलेली असते. बोटांनी चाचपलं की रबरासारखी लागते. तिथे दिलेलं इन्सुलिन कधी मुरतं, कधी पडून राहतं आणि शुगर का उड्या मारते ते कोणाला कळत नाही. कुठे टोचायचं ते मुलीला ठरवू द्या, टोचायचं की नाही ते नाही.

तुम्ही विचारलंय, कुठली चूक जिवावर बेतते. दोन सांगतो.

पहिली, पेनची अदलाबदल. दोन्ही इन्सुलिन पाण्यासारखी स्वच्छ, पेनही सारखीच दिसणारी, वेळ रात्रीची, डोळ्यांवर झोप. दीर्घकाळ चालणाऱ्याचे ८ युनिट द्यायचे होते आणि गेले जलदचे ८. जेवणाला दोन युनिट घेणाऱ्या मुलीसाठी हा चौपट डोस आहे. रात्रीच्या पेनला जाड रबरबँड गुंडाळून ठेवा म्हणजे अंधारातही हाताला कळेल, आणि दोन्ही पेनं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. चूक झालीच तर लपवायची नाही, "बघू थोडा वेळ" नाही. लगेच गोड पाजायला सुरुवात करायची, डॉक्टरांना किंवा दवाखान्याला फोन करायचा आणि ते सांगतील तसं पुढचे काही तास दर १५ मिनिटांनी तपासायचं.

दुसरी, दोनदा डोस. आईने दिला, बाबांना माहीत नाही, त्यांनीही दिला. मदतीला तिसरं माणूस आलं की हा धोका वाढतो, म्हणजे तुमच्यामुळेही वाढेल. फ्रिजच्या दारावर एक वही टांगा. टोचलं की त्याच मिनिटाला वेळ, युनिट, कुठलं पेन आणि देणाऱ्याचं नाव. डोस दिला की नाही अशी शंका आली तर पुन्हा द्यायचा नाही. वही बघायची, पेनमध्ये शेवटचा डोस नोंदवणारी मेमरी असेल तर ती तपासायची, आकड्यांवर नजर ठेवायची आणि फोन करायचा.

बाटली-सिरिंज वापरत असाल तर आणखी एक जागा जपा. इन्सुलिन १ मिलीला १०० युनिटचंही असतं आणि काही ठिकाणी ४० युनिटचंही. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट होतो. ४० च्या सिरिंजची टोपी सहसा लाल आणि १०० ची नारिंगी असते, पण रंगावर जाऊ नका, बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून वाचा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीझरच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानाला बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालतं, पण उन्हात उभ्या गाडीत एक दुपारसुद्धा नको. उघडलेली तारीख पेनवर चिकटवून ठेवा.

---

धाकटी

दोघांचेही मनापासून आभार. पुड्या आजच केल्या, सात झाल्या. रबरबँडही लावला.

रात्रीची पाळी घ्यायची तर काय बघायचं? काल सेन्सर पहाटे ३ ला ५४ म्हणून किंचाळला, ताईने झोपेतच साखर पाजली, आणि नंतर बोट टोचलं तर १९०. ताई म्हणते सेन्सर खराब आहे. शिवाय ताईला जेवणाचा हिशोब भयंकर वाटतो. तिने भाचीचं जवळजवळ सगळंच खाणं बंद केलंय.

---

सुईचं टोक

सेन्सर बहुधा चांगला आहे. ती दंडावर झोपली होती का? सेन्सरवर अंगाचा भार आला की तिथल्या द्रवाचा प्रवाह आटतो आणि आकडा खोटाच कोसळतो. ओळखायची खूण: आलेखाची रेघ हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येते, आणि कूस बदलली की थोड्या वेळात पूर्ववत वर येते. म्हणून रात्री गजर झाला की आधी मुलीची कूस बघा, मग बोट टोचा. बोटाचा आकडाही ७० खाली असेल तर साखर. (मुलगी जागी होत नसेल किंवा घामाने चिंब असेल तर मात्र तपासणीसाठी थांबू नका.)

बोट टोचण्याआधी तिचे हात पाण्याने धुऊन कोरडे करा. पुडी फोडताना बोटांना लागलेली साखर स्ट्रिपवर गेली तरी आकडा फुगतो. तो १९० अशामुळेही आला असेल. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं.

पाळी अशी लावा: आठवड्यातून एक रात्र, ठरलेला वार. सूचना तुमच्या फोनवर, ताईंचा फोन दुसऱ्या खोलीत. त्यांना कुठल्या आकड्याला उठवायचं ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर त्या झोपणारच नाहीत. दिवसा खूप धावपळ किंवा पोहणं झालं असेल तर ती रात्र जास्त जपायची. व्यायामानंतर स्नायू कित्येक तास साखर ओढत राहतात, त्यामुळे लो कधीकधी मध्यरात्रीनंतर होते.

---

चमचा-वाटी यांचा प्रतिसाद

खाण्याबद्दल लिहिते, कारण "सगळं बंद" हे वाचून काळजी वाटली.

टाइप १ मध्ये वाढत्या मुलाला इतर मुलांइतकंच खाणं लागतं. इन्सुलिन जेवणाला जुळवायचं असतं. खाणं तोडलं की मूल चोरून खाऊ लागतं, त्यासाठी इन्सुलिन दिलेलं नसतं, आकडा ३०० येतो, घरात रागावणं सुरू होतं आणि पुढच्या वेळी मूल आणखी गुपचूप खातं. उशीखाली बिस्किटाचा कागद सापडला तर तो मुलीचा गुन्हा समजू नका. बंदी फार कडक झाली आहे एवढंच तो कागद सांगतो.

हिशोब पहिल्यांदा ऐकताना घाबरवतो, पण आहे तिसरीच्या गणितातला. डॉक्टर दोन आकडे देतात. एक रेशो: किती ग्रॅम कार्बला (म्हणजे कर्बोदकांना) १ युनिट. दुसरा करेक्शन: १ युनिटने शुगर किती उतरते. उदाहरणादाखल धरा रेशो २० आणि करेक्शन १००. ताटात ४० ग्रॅम कार्ब आहेत, म्हणजे २ युनिट. जेवणाआधी शुगर २२० आहे आणि लक्ष्य १२०, म्हणजे १०० जास्त, त्याचं १ युनिट. एकूण ३. हे आकडे फक्त समजण्यापुरते. तुमच्या भाचीचे वेगळे असतील, सकाळचे आणि रात्रीचेही एकमेकांपासून वेगळे असू शकतात. लहान मुलांसाठी अर्ध्या युनिटने पुढे सरकणारं पेन मिळतं, नसेल तर मागून घ्या. १ आणि २ च्या मध्ये काही देता न येणं ही या वयात मोठी अडचण असते.

सर्वांत जास्त चूक होते ती कच्चं आणि शिजलेलं यांत. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ८० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. तोच शिजला की पाणी पिऊन वजन वाढतं आणि १०० ग्रॅम भातात साधारण २८ उरतात. पाकिटावरचा आकडा कच्च्याचा, काट्यावर ठेवलं शिजलेलं, असं झालं तर डोस जवळजवळ तिप्पट जातो. दूध १०० मिलीला ५ ग्रॅम, आणि हे बरेच जण मोजतच नाहीत. पाकिटावर "साखर" ही ओळ वाचायची नाही, "एकूण कर्बोदकं" वाचायची.

ताईंसाठी तुम्ही एक काम करू शकता आणि ते बसल्या जागी होतं. भाची नेहमी खाते ते १५-२० पदार्थ एकेकदा तिच्याच वाटीने मोजा, शिजवून काट्यावर ठेवा, कार्ब काढा आणि एक तक्ता करून स्वयंपाकघरात चिकटवा. घरातली एक वाटी, एक चमचा ठरवून टाका, मग रोज काटा लागत नाही. मूल रोज त्याच त्या गोष्टी खातं, म्हणून दोन आठवड्यांत ताईंना तो तक्ता पाठ होईल.

जलद इन्सुलिन जेवणाआधी साधारण १५ मिनिटं दिलेलं बरं, कारण अन्न त्याच्यापेक्षा लवकर पोहोचतं. मात्र आकडा ७० खाली असेल तर आधी लो सुधारायची, मग डोस. आणि खाईल की नाही याचा नेम नसेल तर काही डॉक्टर निम्मा डोस आधी, निम्मा नंतर असं सांगतात. ताईंनी ते विचारून घ्यावं. जेवण संपेपर्यंत मुलीच्या ताटाकडे टक लावून बसू नका. "युनिट दिलंय ना, संपव" हे वाक्य जेवणाला शिक्षा करून टाकतं. उरलं तर तेवढ्या कार्बचं दूध किंवा फळ द्या.

एक डोस देऊन तासाभरात आकडा अजून वर दिसला की लगेच दुसरा करेक्शन टोचायचा मोह होतो. आधीचं इन्सुलिन अजून काम करतंय. दोन्ही एकावर एक चढतात आणि तीन तासांनी धाडकन लो होते.

---

निशाचर

आजारपणाचं राहिलंय, आणि ते हायपोइतकंच महत्त्वाचं आहे.

"काही खात नाहीये, उलट्या होताहेत, मग इन्सुलिन कशाला?" ही चूक मुलांना अतिदक्षता विभागात नेते. अन्न नसलं तरी शरीराला मूळ इन्सुलिन लागतंच. ते मिळालं नाही की शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. म्हणून आजारात डोस कमी-जास्त होतो, पूर्ण बंद कधीच होत नाही. ताप असेल तर बहुधा जास्त लागतं, जुलाब-उलट्यांत कधी कमी. ते डॉक्टर सांगतील.

शुगर २५० च्या वर राहत असेल, किंवा आकडा कितीही असो पण उलटी होत असेल, तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली असले तर ठीक. ०.६ ते १.५ मध्ये पाणी पाजत राहायचं, डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे जास्तीचं इन्सुलिन आणि दोन तासांनी पुन्हा तपासणी. १.५ च्या वर लगेच फोन. ३ च्या वर फोनवर वेळ न घालवता दवाखाना. लघवीची पट्टी असेल तर लक्षात ठेवा, ती काही तासांपूर्वीची स्थिती दाखवते. पोटात दुखणं, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी यांतलं काहीही दिसलं, किंवा पोटात पाणी टिकत नसेल, तर वाट बघायची नाही. उलटीला पोटाचा बिघाड समजून घरी ठेवलेली मुलं उशिरा पोहोचतात.

आता ताईंशी बोलण्याबद्दल. "लहानपणी गोड जास्त दिलंस का?" आणि "इतकं पाणी पीत होती, तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" ही दोन वाक्यं नातेवाइकांकडून येणारच. त्यांना तुम्ही परस्पर उत्तर द्या, ताईंपर्यंत पोहोचू देऊ नका. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. ही प्रक्रिया लक्षणं दिसायच्या कित्येक महिने, अनेकदा वर्षं आधी सुरू झालेली असते. गोडाचा किंवा आईच्या चुकीचा त्यात संबंध नाही. आजोबांच्या गोळ्यांवरच्या मधुमेहाशी तुलनाही नको, तो आजार वेगळा आहे.

आणखी काही आठवड्यांत कदाचित एक गोष्ट होईल, त्यासाठी आत्ताच तयार राहा. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते आणि त्या काही काळ पुन्हा थोडं इन्सुलिन बनवू लागतात. डोस उतरत उतरत दिवसाला किलोमागे अर्ध्या युनिटच्याही खाली येतो, २२ किलोला ११ युनिटच्या आत. याला हनिमून काळ म्हणतात. तो काही महिने टिकतो, कधी वर्षभरही, आणि मग ओसरतो. नेमक्या याच दिवसांत कोणीतरी काढा किंवा पावडर आणून देतं, डोस कमी होताना दिसतो आणि सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. तिथून "आता इंजेक्शन सोडून बघू" पर्यंत एकच पाऊल असतं, आणि त्या पावलाने मुलं दगावतात. ताईंना हे आधीच सांगून ठेवा, शांतपणे, म्हणजे डोस उतरला की आशाही अवास्तव वाढणार नाही आणि तो पुन्हा चढला की "माझं काय चुकलं" असंही वाटणार नाही.

आकड्याला "चांगली शुगर, वाईट शुगर" म्हणू नका. मुलगी ऐकत असते. "२४० आहे, पाणी पी, बघू पुढे काय करायचं ते" एवढं पुरे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या "आज किती?" असंही विचारू नका. आधी तिचं नाव घेऊन बोला.

---

शाळेचा बाक यांचा प्रतिसाद

शाळा सुरू व्हायच्या आधी एका पानाचा कागद करा: लो कशी दिसते, काय द्यायचं, किती द्यायचं, कोणाला फोन. वर्गशिक्षिका आणि खेळाचे शिक्षक दोघांनाही द्या; लो मैदानावर जास्त होते. त्यात एक ओळ ठळक लिहा: लो वाटत असेल तर मुलीला एकटीने कार्यालयात पाठवायचं नाही. जिना चढता चढता ती कोसळू शकते. साखर ती बसली आहे तिथेच आणून द्यायची. तहान आणि लघवीसाठी कधीही परवानगी हवी. ताईंच्या वतीने शाळेत जाऊन हे समजावून येणं हेही तुम्ही घेऊ शकता असं काम आहे.

भाचीला भाऊ किंवा बहीण आहे का? असेल तर त्याच्याकडेही लक्ष असू द्या. १२ दिवसांत घरात त्याच्याशी कोणी इन्सुलिन सोडून दुसरं काही बोललेलं नसेल. सख्ख्या भावंडात हा आजार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते, साधारण शंभरात पाच. अँटिबॉडीची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारता येईल.

---

धाकटी

धाकटा भाऊ आहे, साडेतीन वर्षांचा. आज त्याला संध्याकाळी बागेत नेते. शनिवार ३ ते ६ ताईने मान्य केलंय. ती घरातच झोपणार आहे, फोन बाहेरच्या खोलीत माझ्याकडे. कागदावर लिहून घेतलंय: ७० खाली पुडी आणि बोट, ५४ खाली पुडी देऊन लगेच तिला हाक, ३०० वर दोनदा सलग आला तर हाक. मध्ये ४ वाजताचा खाऊ येतो. त्याचं इन्सुलिन ताईच देईल की मी?

---

सुईचं टोक

या शनिवारी ताईच देतील, तुम्ही शेजारी बसून बघा आणि वहीत नोंद तुम्ही करा. पुढच्या शनिवारी तुम्ही द्या, त्या शेजारी बसतील. तिसऱ्या शनिवारी त्यांना खाऊसाठी उठवू नका.